न्यूक्लिअर मेडिसिनचा टेक्नॉलॉजिस्ट दिवसभर करतो तरी काय?

या मालिकेत आपण आजवर सीमा, रेजिमेंट, नकाशे, जुन्या मोहिमा असं बरंच काही बोललो. आज विषय रुग्णालयातला आहे. एका निवृत्त फौजी माणसाचा त्याच्याशी काय संबंध, असं वाटेल. तो आधी सांगतो.

निवृत्तीनंतर मी जयपुरातच घर केलं. माझ्या धाकट्या भावाची मुलगी नाशिकहून नोकरीसाठी इथे आली आणि आमच्याकडेच राहते. ती इथल्या एका रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट आहे. गेल्या दोन वर्षांत तिच्यासाठी आलेली दोन स्थळं तिच्या कामाचं नाव ऐकून परत गेली. एका घरून मध्यस्थाचा फोन आला, "मुलगी चांगली आहे हो, पण अणुबिणूचं काम. उद्या मुलंबाळं व्हायची म्हणजे..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. ती हसली आणि ड्यूटीवर गेली. मला मात्र हसू आलं नाही. कारण हीच भीती मी रुग्णांमध्येही पाहिली आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेला स्कॅन महिनोन् महिने न करणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत. राजस्थानात तर 'परमाणू' म्हटलं की लोकांना पोखरण आठवतं, नाहीतर कोट्याकडचं रावतभाटा. इंजेक्शन कुणाला आठवणार?

तर हे काम काय आहे ते नीट समजून घेऊ.

एक्स-रे किंवा सी.टी. स्कॅनमध्ये किरण बाहेरून येतात, शरीरातून आरपार जातात आणि आतली रचना दाखवतात. हाड मोडलंय का, गाठ केवढी आहे, वगैरे. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये उलटं असतं. किरणोत्सारी पदार्थाची अगदी अल्प मात्रा एखाद्या औषधाला जोडून शिरेतून देतात. ते औषध ज्या अवयवासाठी बनवलं आहे तिथे जाऊन बसतं. मग किरण रुग्णाच्या शरीरातून बाहेर येतात आणि कॅमेरा ते टिपतो. त्यामुळे अवयव कसा दिसतो यापेक्षा तो काम कसं करतो हे कळतं. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं दिसतील, पण त्यातलं डावं किती टक्के काम करतंय हे या तपासणीत समजतं. लहान मुलाचं मूत्रपिंड वाचवायचं की काढायचं, असे निर्णय त्या टक्क्यांवर ठरतात.

यातली एक गंमत बहुतेकांना माहीत नसते. तो भलामोठा गॅमा कॅमेरा स्वतः कसलेही किरण सोडत नाही. तो फक्त येणारे किरण मोजतो. (नव्या यंत्रांना सी.टी. जोडलेलं असतं, त्याचे किरण वेगळे.) पण नातेवाईक यंत्राला बिचकून भिंतीशी उभे राहतात आणि तपासणी संपताच रुग्णाला मिठी मारतात! किरणांचा स्रोत तर त्या वेळी रुग्णच असतो. मात्रा कमी असते, म्हणून त्यात काळजीचं फारसं काही नसतं, पण तान्ह्या बाळांना आणि गरोदर बायकांना त्या दिवशी थोडं लांब ठेवायला सांगतात ते यासाठीच. रुग्णाचा हा प्रसंग वर्षात एखाद्या वेळी येतो. टेक्नॉलॉजिस्टच्या समोर असे रुग्ण रोज येतात. त्या कामातली खरी मेख इथे आहे.

आमच्या पुतणीचा दिवस सकाळी लवकर सुरू होतो, कारण तिला 'धार काढायची' असते. हा शब्द माझा नाही, त्या विभागात खरोखरच असं बोलतात. या शाखेत सगळ्यात जास्त वापरला जाणारा पदार्थ म्हणजे टेक्नेशियम-९९एम. टेक्नेशियम हे माणसाने कृत्रिमरीत्या तयार केलेलं पहिलं मूलद्रव्य. १९३७ मध्ये इटलीतल्या पालेर्मोत सेग्रे आणि पेरिए या दोघांनी ते शोधलं. त्याच्या या ९९एम प्रकाराचं अर्धायुष्य सहा तास. म्हणजे दर सहा तासांनी त्याची किरणोत्सारिता निम्मी होते. रुग्णाच्या दृष्टीने हे फार सोयीचं, पण साठवून ठेवायचं कसं? वाण्याच्या दुकानातल्या साखरेसारखं ते पोत्यात भरून ठेवता येत नाही.

त्यावर तोडगा म्हणजे जनरेटर. शिशाच्या जाड आवरणात एक छोटी नळी असते, त्यात मॉलिब्डेनम-९९ बसवलेलं असतं. त्याचं अर्धायुष्य ६६ तास, आणि त्याचं रूपांतर होऊन टेक्नेशियम तयार होत राहतं. सकाळी नळीतून मिठाचं निर्जंतुक पाणी खेचलं की टेक्नेशियम पाण्याबरोबर बाहेर येतं, मॉलिब्डेनम आतच राहतं. गायीच्या सडासारखं ते साधारण तेवीस तासांत पुन्हा भरतं. म्हणून रोज सकाळी एक धार. काढून झाल्यावर लगेच तपासायचं की मॉलिब्डेनम तर झिरपून आलं नाही ना. ते आलं असेल तर रुग्णाला विनाकारण जास्त किरण मिळतील.

जनरेटरही आठवड्याभरात थकतो, मग नवा येतो. जगातलं मॉलिब्डेनम मोजक्याच अणुभट्ट्यांत तयार होतं. मे २००९ मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची अणुभट्टी गळतीमुळे बंद पडली आणि ऑगस्ट २०१० पर्यंत बंदच राहिली. मधल्या काळात हॉलंडमधली पेटनचीही काही महिने दुरुस्तीसाठी थांबली. जगभरातल्या रुग्णालयांना तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. फौजेत आम्ही म्हणायचो की लढाई रसदीवर चालते. तेच इथेही लागू आहे.

आता हिशेब बघा. सकाळी आठला कुपीत १०० भाग असतील तर दुपारी दोनला ५० आणि रात्री आठला २५. म्हणून प्रत्येक इंजेक्शन कोणत्या मिनिटाला द्यायचं ते धरून मात्रा मोजावी लागते. रुग्ण रिक्षात अडकला आणि तासभर उशिरा आला की गणित पुन्हा मांडायचं.

पेट स्कॅनमध्ये हे घड्याळ आणखी वेगाने धावतं. तिथे फ्लोरिन-१८ वापरतात आणि त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं. ते सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात बनतं, आणि सायक्लोट्रॉन गावोगाव नसतात. समजा दिल्लीजवळून माल निघाला आणि जयपुरातल्या एखाद्या केंद्राच्या दारात पोचायला साडेपाच तास लागले. साडेपाच तास म्हणजे ३३० मिनिटं, म्हणजे बरोबर तीन अर्धायुष्यं. निघताना ८० असेल तर पोचताना १० उरले. महामार्गावर ट्रक उलटून दोन तास कोंडी झाली, तर त्या १० चे ५ सुद्धा राहत नाहीत आणि सहा तास उपाशी बसलेले रुग्ण परत पाठवावे लागतात. सीकर-चुरूकडून पहाटे निघालेल्या माणसाला 'उद्या या' सांगण्याचं कामही टेक्नॉलॉजिस्टकडेच येतं.

पेटच्या रुग्णाला इंजेक्शननंतर तासभर अंधाऱ्या, शांत खोलीत पडून राहायला सांगतात. बोलायचं नाही, चघळायचं नाही, मोबाईल नाही. औषध म्हणजे साखरेचाच एक प्रकार. जो स्नायू काम करतो तो साखर ओढतो. रुग्ण तासभर गप्पा मारत बसला तर चित्रात घसा चमकतो. आमच्याकडच्या माणसांना तासभर गप्प बसवणं हे किरणोत्सर्गापेक्षा अवघड आहे, असं पुतणी म्हणते.

आता एक प्रसंग. झुंझुनू जिल्ह्यातले एक निवृत्त सुभेदार, माझ्या ओळखीचे. प्रोस्टेटच्या आजारात बोन स्कॅन सांगितला होता. आजार हाडांत पसरलाय का हे त्यात बघतात. ते घाबरले होते, म्हणून मी सोबत गेलो. इंजेक्शनच्या खोलीत त्यांनी विचारलं, "बिटिया, इसमें पोखरण वाला माल है क्या?" ती म्हणाली, "नहीं सूबेदार साब, यह तो शाम तक आधे से भी कम रह जाएगा." त्यांना ते पटलं. संध्याकाळपर्यंत निम्म्याहून कमी उरणाऱ्या बॉम्बला काय घाबरायचं!

इंजेक्शननंतर तीन तास थांबायचं, भरपूर पाणी प्यायचं, लघवीला जायचं, मग स्कॅन. औषध हाडांत बसतं आणि उरलेलं लघवीवाटे निघून जातं. स्कॅनमध्ये सुभेदारांच्या उजव्या खुब्याशी एक ठळक ठिपका दिसला. पुतणीने त्यांना टेबलावरून उतरवलं, धोतर बदलून रुग्णालयाचा गाऊन दिला, मांडीची कातडी ओल्या कपड्याने पुसायला लावली आणि तेवढाच भाग पुन्हा घेतला. ठिपका गेला. लघवीचा एक थेंब धोतरावर सांडला होता. म्हाताऱ्या माणसाचं होतं तसं. तो थेंब किरणोत्सारी, म्हणून कॅमेऱ्याला तो हाडातल्या डागासारखा दिसला. चित्र तसंच पुढे गेलं असतं तर 'खुब्यात पसरला' अशी शंका उभी राहिली असती, पुढच्या तपासण्या, कदाचित वेगळे उपचार. स्कॅनचा अर्थ लावणं हे डॉक्टरांचं काम. पण त्यांच्यासमोर खरं चित्र ठेवणं टेक्नॉलॉजिस्टच्या हातात असतं. (बाकीच्या हाडांत काय निघालं ते सुभेदार साहेबांचं खासगी आहे, ते मी इथे सांगणार नाही.)

अशा खोड्या बऱ्याच असतात. सुई शिरेबाहेर गेली तर औषध दंडातच साचतं. खिशातलं नाणं किंवा कमरेचा चांदीचा कंदोरा किरण अडवतो आणि तिथे हाडच नाही असं भासतं. ग्रामीण राजस्थानातल्या बायकांच्या अंगावर चांदी किती असते ते तुम्हाला माहीत आहे. ती उतरवायला सांगणं म्हणजे कौशल्याचंच काम.

त्याहून नाजूक प्रश्न म्हणजे गर्भारपणाचा. तरुण बाईला इंजेक्शन देण्याआधी पाळीची तारीख विचारावीच लागते. पण सासू, दीर, नवरा सगळे गोल करून उभे. त्यांच्यासमोर ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून मान हलवते, ती हो की नाही तेही कळत नाही. पुतणीची पद्धत अशी : "बाईसा, वजन करना है, अंदर आइए," म्हणून एकटीला आत घेते, दार लावते आणि मग विचारते. दोनदा तरी उत्तर बाहेर मिळालं होतं त्याच्या उलट निघालं.

आता मध्यस्थांच्या त्या गिळलेल्या वाक्याकडे येऊ.

मी पुण्याला सी.एम.ई.मध्ये अणू-जैव-रासायनिक हल्ल्यापासून बचावाचं प्रशिक्षण घेतलं होतं. तिथे तीन गोष्टी घोकून घेतल्या जात : वेळ, अंतर, आड. किरणांजवळ कमीत कमी वेळ थांबा, शक्य तितकं लांब राहा आणि मध्ये काहीतरी आड घ्या. आम्ही ते कधी न होवो अशा युद्धासाठी शिकलो. पुतणी ते रोज जगते. वेळ म्हणजे नवीन काम आधी साध्या मिठाच्या पाण्याने इतक्यांदा करायचं की हात अडखळता कामा नये. अंतर म्हणजे साधं गणित : दुप्पट लांब गेलात तर किरण चौथाई. म्हणून कुपी बोटांनी उचलायची नाही, लांब चिमट्याने धरायची. आड म्हणजे शिशाच्या विटा, शिशाची काच, इंजेक्शनवर टंगस्टनचं कवच.

लोक विचारतात, मग शिशाचा एप्रन का घालत नाही? पेटच्या किरणांना निम्मं करायला चार-पाच मिलिमीटर शिसं लागतं. एप्रन असतो अर्ध्या मिलिमीटरचा. अंगावर ओझं मात्र होतं आणि माणूस हळू चालतो. तिथे भरभर काम करून दूर होणं हाच जास्त चांगला बचाव.

छातीवर तिचा टी.एल.डी. बॅज असतो. दर तीन महिन्यांनी तो मोजायला जातो आणि आकडा तिच्या नावावर कायमचा नोंदला जातो. बोटातही वेगळी अंगठी असते, कारण इंजेक्शन देताना सगळ्यात जास्त किरण बोटांना मिळतात. नियम अणुऊर्जा नियामक मंडळाचे. काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. आता हे आकडे कशाशी ताडून बघायचे? माती, आकाश, अन्न, श्वास यांतून जगातल्या माणसाला सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट तसेही मिळतात. एका बोन स्कॅनमध्ये रुग्णाला साधारण चार मिळतात. पुतणीचा वर्षाचा आकडा मी तिच्या परवानगीने पाहिला आहे. तो २० च्या आसपासही फिरकत नाही.

मुलाबाळांचं म्हणाल तर हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांचा अनेक दशकं अभ्यास झाला आहे. त्या आईबापांना मिळालेली मात्रा या मुलीच्या कल्पनेतही नसेल. तरी त्यांच्या नंतर जन्मलेल्या मुलांत आनुवंशिक दोष वाढल्याचं आढळलेलं नाही. आणि काम करणारी बाई गरोदर राहिली की तिने कळवायचं, मग पोटातल्या बाळासाठी उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टची मर्यादा लागू होते, सामान्य नागरिकाला वर्षाला असते तेवढीच. धारेचं आणि इंजेक्शनचं काम दुसऱ्याकडे जातं.

धोका शून्य आहे, असं पुतणी कधीच म्हणत नाही. कमी मात्रेतही थोडासा धोका असतो असं धरूनच हे सगळे नियम बांधले आहेत. म्हणूनच विनाकारण एक सेकंदही ती कुपीजवळ थांबत नाही.

हे काम करणारी माणसं आपल्याकडे तयार कुठे झाली, हेही सांगायला हवं, कारण त्याचा पत्ता मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. मुंबईत परळला, टाटा मेमोरियलच्या आवारातल्या इमारतीत, भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये सुरू झालं. देशातले कितीतरी डॉक्टर आणि टेक्नॉलॉजिस्ट तिथे शिकून बाहेर पडले. २००२ मध्ये देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिला पेट स्कॅनरही तिथेच सुरू झाला. जसलोकमध्ये हा विभाग उभारणारे डॉ. आर. डी. लेले यांना १९९२ मध्ये पद्मभूषण मिळालं. आणि फौजींसाठी सांगतो, दिल्लीत तिमारपूरला या शाखेची जी जुनी संस्था आहे, इनमास, ती संरक्षण संशोधन खात्याची, म्हणजे डी.आर.डी.ओ.ची आहे. विज्ञानाची पदवी घेतलेल्या मुलामुलींना या क्षेत्राचे पदविका, एम.एस्सी. असे मार्ग खुले आहेत, पण बारावीनंतरच्या मार्गदर्शन मेळाव्यांत याचं नाव मी क्वचितच ऐकलं.

मायापुरीची आठवण काढून कुणीतरी हटकतंच. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगारबाजारात विद्यापीठाने विकलेल्या जुन्या यंत्रातलं कोबाल्ट-६० उघडं पडलं आणि एका कामगाराचा जीव गेला. ती घटना गंभीरच होती. पण कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं. वर्षानुवर्षं विसरून पडलं तरी ते जिवंत राहतं. पुतणीच्या विभागातल्या टेक्नेशियमच्या सुया आणि कापूस तारीख लिहून शिशाच्या पेटीत ठेवतात. दोन-तीन दिवसांत ते एवढं विझतं की यंत्राने तपासून साध्या रुग्णालयीन कचऱ्यात जातं. थायरॉइडच्या कर्करोगाला मोठ्या मात्रेत देतात ते आयोडिन-१३१ मात्र आठ दिवसांच्या अर्धायुष्याचं. त्या रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात, त्याच्या संडासाचं पाणीसुद्धा वेगळ्या टाकीत साठवतात आणि विझल्यावरच सोडतात. दहा अर्धायुष्यं म्हणजे ऐंशी दिवस, तेव्हा मूळच्या हजारावा भाग उरतो. त्या खोलीत जेवणाचं ताट दाराशी ठेवून मागे सरायचं असतं. रुग्णाला ते फार लागतं. आपल्याला वाळीत टाकलं असं वाटतं. पुतणी आणि तिचे सहकारी दाराबाहेरूनच मोठ्याने बोलत उभे राहतात, क्रिकेटचा स्कोअर सांगतात. खोलीतून बाहेर पडायच्या दिवशी अंतरावरून यंत्राने मोजून आकडा खाली आला की मग घरी सोडतात.

तुमच्यापैकी कुणाला असा स्कॅन सांगितला असेल तर एवढं करा. जुने रिपोर्ट सोबत न्या. गर्भारपण किंवा बाळाला दूध पाजणं असेल तर न विचारताच सांगा. मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल आदल्या दिवशी फोन करून विचारा. इंजेक्शननंतर पाणी प्या आणि लघवीला वारंवार जा. एखाद-दोन दिवसांत विमानाने जायचं असेल तर केंद्रातून चिठ्ठी लिहून घ्या, कारण काही विमानतळांवरची किरण शोधणारी यंत्रं रुग्णाच्या अंगातली एवढीशी मात्राही ओळखतात आणि वाजतात.